जाड्या-रड्या पडद्याबाहेर मित्र होते का?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्या फिल्म सोसायटीत लॉरेल आणि हार्डीवर तासाभराचा कार्यक्रम आहे आणि त्याचं निवेदन तुम्हाला लिहायचंय. एका लेखात तुम्ही वाचलंत की दोघं जिवलग मित्र होते. दुसऱ्या लेखात वाचलंत की शूटिंग आटोपलं की दोघं आपापल्या वाटेने जात, एकमेकांच्या घरीही फारसे फिरकत नसत. स्टॅन लॉरेलच्या लग्नांचा आकडा तर दर ठिकाणी वेगळा. तेव्हा खरं काय धरायचं, आणि हे घरगुती सगळं निवेदनात घ्यायचं की वगळायचं? शिवाय स्टॅन आणि चार्ली चॅप्लिन यांचं नातं काय होतं, हेही तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं नट-नट्यांवर चरित्रलेख आणि मृत्युलेख लिहिते आहे. त्यात विनोदी नटांचं काम सगळ्यात अवघड जातं. वाचकांना त्यांच्याबद्दल दोनच गोष्टी ऐकायच्या असतात: एक तर ते घरीही असेच हसवायचे, नाहीतर ते आतून फार दुःखी होते. दोन्ही गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात आणि दोन्हीत तो माणूस हाती लागत नाही. तुम्हाला सापडलेले दोन लेख मला याच जातीचे वाटतात. गंमत म्हणजे दोन्ही लेखांत तथ्य आहे. फक्त दोघांनीही साल सांगितलेलं नाही.

जोडी म्हणून ही दोघं उभी राहिली १९२७ मध्ये, हार्डी गेला १९५७ मध्ये. मधे तीस वर्षं आहेत. तीस वर्षांत सख्ख्या भावांचंही नातं एकसारखं राहत नाही. म्हणून ‘मित्र होते का’ या प्रश्नाला माझा पहिला प्रतिप्रश्न असतो, ‘कोणत्या साली?’ मी कोणाही कलावंतावर लिहायला घेतलं की मोठ्या कागदावर वर्षं मांडते आणि त्यांच्यासमोर काम, घर, तब्येत आणि पैसा असं सगळं शेजारी शेजारी लिहून काढते. लॉरेल-हार्डीचा असा कागद केला की नातं कुठे वळतं ते आपोआप दिसतं.

सुरुवात बघा. स्टॅन इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टनचा, जन्म १८९०, मूळ नाव आर्थर स्टॅनली जेफरसन. वडील नाटक कंपनी आणि थिएटरं चालवणारे, आई नटी. पोरगा सोळाव्या वर्षी ग्लासगोच्या रंगमंचावर उभा राहिला तो परत उतरलाच नाही. हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला, जन्म १८९२. तो तान्हा असतानाच वडील वारले. त्यांचं ऑलिव्हर हे नाव त्याने पुढे स्वतः लावून घेतलं. आई हॉटेल चालवायची, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांना न्याहाळत बसायची सवय त्याला लहानपणापासून लागली. पुढे पडद्यावर तो कॅमेऱ्याकडे वळून जे हताश बघतो, टायशी चाळा करतो, त्या बारकाव्यांचं मूळ मला या हॉटेलच्या बैठकीत दिसतं. एकाच्या घरात नाटक होतं, दुसऱ्याच्या घरात गिऱ्हाइकं. दोघांच्या सवयी, बोलणं, मोकळ्या वेळेच्या कल्पना, सगळंच निराळं.

१९२१च्या सुमारास एका छोट्या विनोदी चित्रपटात दोघं एकत्र दिसले होते, पण तो योगायोग होता. खरी जोडी जमली हॅल रोच यांच्या कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओत, दिग्दर्शक लिओ मॅकेरी यांच्या देखरेखीखाली. त्या काळात स्टॅन स्टुडिओतच राहायचा म्हटलं तरी चालेल. विनोदाच्या जागा रचायच्या, दिग्दर्शकाच्या खांद्याला खांदा लावून प्रसंग बसवायचे, मग संकलकाशेजारी बसून कापाकापी करायची. म्हणून त्याचा पगार हार्डीच्या जवळपास दुप्पट होता आणि हार्डीला त्यात काही गैर वाटत नसे. हार्डीचं म्हणणं सरळ होतं: स्टॅन दुप्पट काम करतो. हार्डी स्वतः चोख तयारीने यायचा, काम करायचा आणि दुपार कलली की त्याचं लक्ष गोल्फच्या मैदानाकडे लागायचं. स्टॅनला हे पक्कं ठाऊक होतं. हार्डीच्या वैतागलेल्या चेहऱ्याचे क्लोजअप तो मुद्दाम दिवसाच्या शेवटी ठेवायचा, कारण तेव्हा तो वैताग अस्सल असायचा.

ही एक गोष्ट तुमच्या निवेदनात जरूर घ्या. दोघं संध्याकाळी एकत्र जेवत नसत हे खरं, पण दिवसभर एकमेकांना इतकं बारकाईने ओळखत होते की कोणत्या वाजता दुसऱ्याचा चेहरा कसा होतो हेही माहीत होतं. याला मैत्री म्हणायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मी याला उत्तम सहकारी म्हणेन, आणि नट मंडळींत ते नातं दुर्मीळ आहे हेही सांगेन. मोकळ्या वेळात हार्डी गोल्फ आणि घोड्यांच्या शर्यती यांत रमायचा, स्टॅन बोट काढून समुद्रावर मासेमारीला जायचा. भांडण म्हणून दोघं वेगळे राहत नव्हते. त्यांच्या आवडी वेगळ्या होत्या, एवढंच.

मग भांडल्याची अफवा आली कुठून? तिचं मूळ करारात आहे. रोच यांनी दोघांचे करार वेगवेगळे ठेवले होते आणि ते एकाच वेळी संपत नसत. त्यामुळे जोडी म्हणून एकत्र बसून मोबदला मागायची सोयच नव्हती. १९३९ मध्ये स्टॅनचा स्टुडिओशी वाद चालू होता, तेव्हा हार्डीचा करार शिल्लक असल्यामुळे त्याला हॅरी लँग्डन या दुसऱ्या विनोदी नटाबरोबर एका चित्रपटात काम करावं लागलं. वर्तमानपत्रांनी लगेच जोडी फुटल्याचं छापलं. हा लँग्डन स्टॅनचा मित्र होता आणि त्यांच्या चित्रपटांसाठी लिहीतही होता, ही बाब त्या बातम्यांत झाकली गेली. माझा अनुभव असा आहे की दोन नटांचं फाटल्याची बातमी दिसली की आधी पैसे देणारा कोण आणि करार कधी संपतो ते शोधावं. दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आता लग्नं. हा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो.

स्टॅनच्या आयुष्यात आधी आली मे डाल्बर्ग, ऑस्ट्रेलियाहून आलेली नटी. दोघं रंगमंचावर जोडीने काम करत आणि नवरा-बायकोसारखे राहत, पण तिचं आधीचं लग्न मोडलेलं नव्हतं म्हणून यांचं कायदेशीर लग्न झालं नाही. लॉरेल हे आडनाव तिच्यामुळे आलं. १९२५ मध्ये ती मायदेशी परतली. १९२६ मध्ये स्टॅनने लोईस नीलसनशी लग्न केलं. १९२७च्या डिसेंबरात मुलगी झाली, तिचंही नाव लोईस. १९३० मध्ये मुलगा झाला, दिवस भरण्याआधीच, आणि नऊ दिवसांत गेला. त्यानंतर हे लग्न फार टिकलं नाही. पुढे व्हर्जिनिया रूथ रॉजर्सशी लग्न, घटस्फोट, मग व्हेरा इलियाना या रशियन गायिका-नर्तकीशी लग्न, त्याचा दोन वर्षांत शेवट, मग १९४१ मध्ये पुन्हा रूथशीच लग्न, आणि १९४६ मध्ये तेही संपलं. त्याच वर्षी आयडा किटाएव्हा राफाएल हिच्याशी लग्न झालं आणि ते स्टॅनच्या मृत्यूपर्यंत, १९६५ पर्यंत टिकलं.

म्हणजे बायका चार, लग्नं पाच. मग कुणी सहा-सात का म्हणतं? कॅलिफोर्नियात त्या काळी घटस्फोटाचा निकाल लागला तरी तो पक्का व्हायला वर्ष जायचं. स्टॅनने तेवढं न थांबता १९३४ मध्ये मेक्सिकोत रूथशी लग्न केलं आणि १९३५ मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा विधी केला. व्हेराशीही एकाहून जास्त विधी झाले. काही लेखक विधी मोजतात, काही बायका मोजतात, काही जण मे डाल्बर्गलाही धरतात. तुम्ही ‘चार जणींशी पाच लग्नं’ एवढं म्हणा, ते बरोबर आहे आणि पुरेसं आहे.

यातलं निवेदनात किती घ्यायचं हे तुमच्या प्रेक्षकांवर अवलंबून आहे. लहान मुलं समोर असतील तर लग्नांची यादी नकोच. मोठ्यांसमोर सांगायची तर गंमत म्हणून सांगू नका. १९३०च्या दशकात अमेरिकन वर्तमानपत्रांनी स्टॅनच्या कोर्टकचेऱ्यांवर भरपूर मजकूर छापला. घटस्फोटाच्या अर्जातले आरोप एका बाजूने, वकिलाच्या सल्ल्याने केलेले असतात. ते जसेच्या तसे ‘स्टॅन घरी असा वागायचा’ म्हणून सांगणं मला पटत नाही. पण म्हणून त्याला निर्दोषही ठरवू नका. रात्रंदिवस कामात बुडालेला, दारूही घेणारा आणि घाईने निर्णय करणारा माणूस होता तो. त्या घरांतल्या बायकांना त्याची किंमत मोजावी लागली, हे एका वाक्यात सरळ सांगता येतं.

हार्डीची बाजू बरेचदा राहून जाते, तशी तुमची राहू नये. त्याचंही पहिलं लग्न लवकर मोडलं. दुसरी पत्नी मर्टल रीव्ह्ज दारूच्या आहारी गेली होती. तिला पुन्हा पुन्हा उपचारांसाठी ठेवावं लागे आणि ती तिथून निघून जाई. पडद्यावर बायकोच्या धाकाने थरथरणारा ऑली लोकांना हसवत होता त्याच वर्षांत हे चाललं होतं. १९३७ मध्ये घटस्फोट झाला. त्यानंतर दोन-एक वर्षांनी एका चित्रपटाच्या सेटवर ल्युसिल जोन्स भेटली. ती तिथे पटकथेची नोंद ठेवायचं काम करत होती, म्हणजे मागच्या शॉटमध्ये हॅट कोणत्या हातात होती ते लक्षात ठेवणारी. १९४०च्या मार्चमध्ये लग्न झालं आणि हार्डीला घर मिळालं. लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस भागातल्या त्या घरात झाडं होती, कोंबड्या होत्या, जनावरं होती. खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांचा इतका लळा लागला की ती कापणं सगळ्यांच्याच जिवावर येई.

इथवरचं एवढं ध्यानात ठेवा: १९४० पर्यंत दोघांची घरं अस्थिर होती, कामाचा डोंगर होता आणि दोघं एकमेकांचे पक्के सहकारी होते. मैत्री म्हणावी असं नातं यापुढे आहे, आणि ते सुरू होतं दोघांची चलती संपल्यावर.

रोच यांचा स्टुडिओ सुटला. मग मोठ्या स्टुडिओंत स्टॅनला संकलनात, लेखनात हात घालू देईनात. चित्रपट आले, पण त्यांत जुनी जान नव्हती. १९४७ मध्ये ब्रिटनमधून रंगमंचावर काम करायचं बोलावणं आलं. तिथून पुढे १९५४ पर्यंत तीन मोठे दौरे झाले. गावोगावची थिएटरं, रोज रात्री दोन-दोन खेळ, एका आठवड्यात एक शहर आणि पुढच्या आठवड्यात दुसरं. सोबत आयडा आणि ल्युसिल. पन्नाशी उलटलेले दोन नट आणि त्यांच्या बायका असा हा चौघांचा संसार महिनोन्‌महिने हॉटेलांत आणि आगगाडीत चालला. हॉलिवूडमध्ये ज्यांना एकत्र जेवायला सवड नव्हती ते आता रोज एकाच टेबलावर बसत होते. माझ्या मते त्यांच्या मैत्रीचं खरं वय इथून मोजायला हवं. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. दौऱ्यावर बरोबर राहिलेली माणसं एकमेकांची औषधंसुद्धा पाठ ओळखतात.

औषधं तर होतीच. स्टॅनला मधुमेह झाला होता. १९५०-५१ मध्ये फ्रान्समध्ये शेवटचा चित्रपट करताना तो इतका आजारी पडला की पडद्यावर त्याचा चेहरा बघवत नाही. हार्डीच्या हृदयाची तक्रार सुरू झाली होती. तरी १९५२च्या दौऱ्याला दोघं निघालेच. पुढच्या दौऱ्यात, १९५३ मध्ये, नॉटिंगहॅमला प्रयोग असताना नाताळ आला. स्टॅनची बहीण ओल्गा जवळच्या बॉटेसफर्ड गावात नवऱ्याबरोबर पब चालवत होती. नाताळात ही मंडळी तिच्याकडे गेली. जगभर चेहरा ओळखीचा असलेला भाऊ बहिणीच्या पबमध्ये बसलाय, सोबत त्याचा जोडीदार आहे आणि तोही आता घरचाच झालाय.

आणि त्याच दौऱ्याच्या सुरुवातीचं, १९५३चं कोव्ह. तुमच्या कार्यक्रमात एकच प्रसंग सांगायला जागा असेल तर हा सांगा. सप्टेंबरात त्यांचं जहाज आयर्लंडच्या त्या बंदराला लागलं. लोक आपल्याला विसरले असतील असं दोघांच्या मनात होतं. बघतात तो धक्क्यावर माणसांची झुंबड, बोटींचे भोंगे, आणि वर टेकडीवरच्या कॅथीड्रलच्या घंटा वाजायला लागल्या त्या थेट त्यांच्या चित्रपटांच्या सुरुवातीला वाजणाऱ्या धूनवर. स्टॅनने नंतर सांगितलंय की हार्डीने त्याच्याकडे पाहिलं आणि दोघांनाही रडू आलं. आपल्याकडे ज्याला रड्या म्हणतात त्याचं पडद्यावरचं रडणं हा ठरवून केलेला भाग होता, आणि स्टॅनला स्वतःला तो फारसा आवडत नसे. कोव्हला तो खरंच रडला.

१९५४च्या मे महिन्यात प्लिमथला हार्डीला हृदयविकाराचा सौम्य झटका आला आणि दौरा तिथेच थांबला. अमेरिकेत परतल्यावर दूरचित्रवाणी मालिकेचं ठरलं, पण १९५५ मध्ये स्टॅनला पक्षाघात झाला. तो सावरला, तोवर १९५६च्या सप्टेंबरात हार्डीला त्याहून मोठा पक्षाघात झाला. त्याची वाचा गेली, अंथरूण धरलं. त्याआधी त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन इतकं उतरवलं होतं की ओळखू येत नव्हता. स्टॅनच्या मुलीच्या, लोईसच्या घरी त्याच वर्षी घेतलेली एक छोटी रंगीत, मूक फिल्म आहे. कॅमेऱ्यासमोर दोघं एकत्र दिसतात ती ही शेवटची वेळ. ती दाखवायची की नाही हे तुम्हीच ठरवा. मी दाखवणार असेन तर आधी प्रेक्षकांना सांगेन की हार्डी आजारी आहे, नाहीतर सभागृहात जो धक्का बसतो त्यातून लोक पुढचं ऐकतच नाहीत.

७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी गेला. स्टॅनला डॉक्टरांनी अंत्यविधीला जायची परवानगी दिली नाही. बेब समजून घेईल, असं तो म्हणाला. बेब हे हार्डीचं माहितीतल्यांनी वापरायचं नाव. या गैरहजेरीवरून ‘अंत्ययात्रेलाही गेला नाही’ असं काहींनी लिहून ठेवलंय, आणि तुमच्या दुसऱ्या लेखाचा रोख बहुधा त्यावरच असावा. तब्येतीची नोंद शेजारी ठेवली की तो आरोप उरत नाही. त्यानंतर स्टॅन साडेसात वर्षं जगला, पण पुन्हा कधी काम केलं नाही. जोडीदाराशिवाय पडद्यावर उभं राहायचं नाही यावर तो ठाम होता. दोघांसाठी विनोदाच्या जागा मात्र लिहीत राहिला.

स्टॅनच्या इतर मैत्रीबद्दल थोडं सांगते, कारण तुम्ही चॅप्लिनचंही विचारलंय. इंग्लंडमधल्या फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक कंपनीतून १९१० मध्ये दोघं एकाच जहाजाने अमेरिकेला आले. चॅप्लिन मुख्य नट, स्टॅन त्याचा बदली नट. दौऱ्यात दोघं एका खोलीत राहत. खोलीत स्वयंपाकाला बंदी असल्यामुळे स्टॅन चोरून काहीतरी तळायचा आणि तो चरचराट झाकायला चॅप्लिन व्हायोलिन वाजवायचा. ही आठवण स्टॅनची आहे. चॅप्लिनच्या १९६४च्या आत्मचरित्रात स्टॅनचं नावही नाही, तरी स्टॅन शेवटपर्यंत चॅप्लिनला सगळ्यांत मोठा मानत राहिला. एकाच बाजूची आठवण असेल तर ती ‘स्टॅन सांगायचा’ असं म्हणूनच सांगा. तेवढी काळजी घेतली की पुढे कुणी बोट ठेवू शकत नाही.

शेवटची वर्षं त्याने सांता मोनिकात समुद्रासमोरच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये आयडाबरोबर काढली. जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर सारखे लागत होते, पण हक्क त्यांच्याकडे नसल्यामुळे त्यातून दोघांनाही पैसा मिळाला नाही. त्याचा फोन नंबर डिरेक्टरीत होता. तरुण विनोदी नट डिक व्हॅन डाइकने तो तिथूनच शोधला, फोन केला आणि स्टॅनने घरी बोलावलं. विनोदी नट जेरी लुईसही यायचा. अनोळखी चाहत्यांच्या पत्रांना स्टॅन स्वतः टाइप करून उत्तरं द्यायचा. अशी कितीतरी पत्रं जपली गेली आहेत आणि माझ्या मते या माणसाचा आवाज ऐकायची ती सर्वांत चांगली जागा आहे. हवा कशी आहे, कोण आजारी आहे, हार्डी होता तोवर त्याची तब्येत कशी आहे, जाहिरातींसाठी चित्रपट कसे कापतात याची चीड, असं सगळं त्यात येतं. एक सावधगिरी मात्र बाळगा. तो सगळ्यांनाच मायेने लिहायचा, त्यामुळे एका पत्रावरून कुणी ‘स्टॅनचा जवळचा मित्र’ ठरत नाही. पत्रव्यवहार किती वर्षं टिकला आणि त्यात स्टॅनने आपणहून काय सांगितलं ते बघा.

साधनांचा क्रम मी असा लावते: त्या काळातच लिहिलेली खाजगी पत्रं आधी, मग पुष्कळ वर्षांनी घरच्यांनी सांगितलेल्या आठवणी, मग चरित्रं, आणि शेवटी स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्याने पुरवलेला मजकूर. घरच्यांच्या आठवणी खोट्या नसतात, पण आयडाला १९४६ नंतरचा स्टॅन माहीत होता आणि ल्युसिलला १९४० नंतरचा हार्डी. दोघींनी नवऱ्यांची मैत्री पाहिली ती पिकलेली. रोचच्या स्टुडिओतल्या जुन्या सहकाऱ्यांनी पाहिलं ते कामाचं नातं. तुमचे दोन लेख एकमेकांच्या विरोधात जातात ते बहुतेक याच कारणाने. एकाने घरच्यांचं ऐकलंय, दुसऱ्याने स्टुडिओवाल्यांचं.

तासाभरात हे सगळं बसणार नाही. मी असते तर १९३०च्या आसपासचा एखादा छोटा चित्रपट आधी दाखवला असता आणि त्यानंतर दिवसाच्या शेवटी घेतलेल्या क्लोजअपची गोष्ट सांगितली असती. लग्नांना दोन वाक्यं. मग ब्रिटनचे दौरे आणि कोव्ह, त्याला निदान दहा मिनिटं द्या. ल्युसिल आणि आयडा यांची नावं घेऊन उल्लेख करा. नुसतं ‘त्यांच्या पत्नी’ म्हणून पुढे जाऊ नका, कारण त्या दोघी नसत्या तर दौरे पार पडले नसते. निवेदनाचा कच्चा मसुदा झाला आणि त्यातल्या एखाद्या सालाबद्दल शंका आली तर ते वाक्य इथेच टाका, मी माझ्या कागदाशी ताडून बघते.